पंचाहत्तर सेंटांची तूट

चिकोडी-निपाणीकडच्या शेतकरी घरांत वाढलेल्या कुणालाही सामाईक विहीर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. विहीर एक, वाटेकरी चार. कुणाची पाळी सोमवारी, कुणाची गुरुवारी रात्री. मोटारीचं लाइट बिल आलं की कुणी किती तास मोटार चालवली यावर ते वाटायचं. अशा विहिरीवर पाण्यावरून भांडणं कमी होतात, तासांवरून जास्त होतात. लाइट मध्येच गेली तर पाळी कुणाची बुडली? मोटार चालू राहिली आणि पाणी पाटातच मुरलं, तर ते तास कुणाच्या नावावर? आमच्या भागात भाऊबंदकी कितीतरी वेळा बांधावरून नाही, तर या हिशोबावरून सुरू झालेली आहे.

संगणकाच्या इतिहासातही साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न उभा राहिला. संगणकाचा इतिहास म्हटलं की आपल्याला मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावं आणि शोध सांगतात. मला मात्र त्यातली हिशोबाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एकच यंत्र अनेक अनोळखी माणसांनी वापरायचं, तर कुणी किती वापरलं हे ठरवायचं कसं, आणि ठरवणाऱ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, ही ती गोष्ट.

1950 च्या दशकात संगणक म्हणजे एक अख्खी खोली भरणारं यंत्र होतं. ते इतकं महाग, की बऱ्याच संस्था विकत न घेता महिन्याच्या भाड्यानं आणत. त्याला हात लावायची परवानगी मोजक्या माणसांना. बाकीच्यांनी आपलं काम भोकं पाडलेल्या कार्डांवर मांडायचं, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि निघून जायचं. उत्तर कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला असला तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. यंत्राचा क्षणही वाया जाऊ नये म्हणून माणसांचे दिवस वाया जात होते.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी 1959 च्या सुरुवातीला एक टिपण लिहून मांडलं की हे उलट करता येईल. माणूस टाइप करतो, थांबतो, विचार करतो. तेवढ्या वेळात यंत्र दुसऱ्या दहा जणांचं काम थोडं थोडं पुढे सरकवू शकतं. प्रत्येकाला सेकंदाचा छोटासा तुकडा द्यायचा, मग पुढच्याकडे वळायचं, आणि फिरून पहिल्याकडे यायचं. हे इतक्या झपाट्यानं व्हायला हवं, की प्रत्येकाला वाटावं, यंत्र माझं एकट्याचंच आहे. एका चुलीवर चार जावांचा स्वयंपाक व्हावा आणि एकीलाही खोळंबल्यासारखं वाटू नये, असा हा प्रकार. 1961 च्या नोव्हेंबरात त्याच संस्थेत फर्नांडो कॉरबाटो यांनी असं काम करणारी व्यवस्था चालवून दाखवली. तिचं नाव सीटीएसएस. या पद्धतीला टाइम-शेअरिंग म्हणतात. आपल्या भाषेत, वेळेची पाळी.

त्याच वर्षी एमआयटीच्या शताब्दीच्या निमित्तानं बोलताना मॅकार्थी म्हणाले होते की उद्या संगणक टेलिफोनसारखा सार्वजनिक सेवा होऊ शकेल, आणि ग्राहक जेवढं वापरेल तेवढेच पैसे देईल. बोलायला हे सोपं आहे. पण टेलिफोनला मिनिटं असतात, विजेला युनिट असतं. संगणकात मोजायचं काय?

यावर त्या काळच्या लोकांनी बराच खल केला. यंत्राला जोडून कुणी किती वेळ बसलं, हे एक माप. पण नुसता बसून राहिलेला आणि यंत्राला घाम फोडणारा, दोघांना सारखं बिल लावायचं का? म्हणून दुसरं माप आलं, यंत्राच्या मुख्य भागानं प्रत्यक्ष त्या माणसासाठी किती सेकंद काम केलं. तिसरं, त्यासाठी स्मरणातली किती जागा किती वेळ अडवली. चौथं, साठवून ठेवलेल्या फाइलींची जागा. छपाई केली तर कागद वेगळे. बऱ्याच ठिकाणी दिवसाचा दर वेगळा आणि रात्रीचा स्वस्त असे, कारण रात्री यंत्र रिकामं.

मोजण्याची रीत मात्र साधी आणि सुंदर होती. यंत्रात एक घड्याळ सेकंदाला अनेकदा टिकटिक करतं. प्रत्येक टिकटिकीला यंत्र चालवणारी मूळ व्यवस्था बघते, या क्षणी काम कुणाचं चाललंय? ज्याचं चाललं असेल त्याच्या नावावर एक टिंब. काम संपलं की एका फाइलीत एक ओळ पडते: कुणाचं काम, किती सेकंद, किती जागा. ही झाली कीर्द. महिनाअखेर त्या ओळी नावावार गोळा करायच्या, ती खतावणी. आपल्या आजे-पणज्यांच्या दुकानांत लाल कापडाच्या वह्यांत जे चालायचं तेच हे. फक्त मुनीम झोपत नाही, एवढाच फरक.

पण एक अडचण मुनिमालाही सुटेना. चार जणांमध्ये फिरताना यंत्राचा स्वतःचाही वेळ जातो. एकाचं काम बाजूला ठेवायचं, दुसऱ्याचं समोर घ्यायचं. विहिरीचं पाणी पाटात मुरतं तसाच हा वेळ. तो कुणाच्या नावावर? गर्दीच्या वेळी तो वाढतो. मग तेच काम सकाळी केलं तर बिल जास्त आणि मध्यरात्री केलं तर कमी, असं होऊ लागतं. ग्राहक विचारणारच, काम तर तेवढंच होतं ना? म्हणून चांगल्या हिशोबाची एक कसोटी ठरली: तेच काम पुन्हा केलं तर आकडा जवळजवळ तोच यायला हवा. शेजाऱ्याच्या गर्दीचा भार माझ्या बिलात येता कामा नये. ही कसोटी पूर्णपणे उतरवणं अवघड होतं. पण ती मनात धरून हिशोब करणं, यातच मला त्या माणसांचा प्रामाणिकपणा दिसतो.

जिथे माप आलं, तिथे मापाची चोरीही आली. सीटीएसएस वापरणाऱ्यांना ठरावीक वेळ मिळे. ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत, आणि त्याचं काम त्यात भागत नव्हतं. 1962 मध्ये त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच कार्डाद्वारे छापायला दिली. यंत्रानं निमूटपणे छापून दिली. मग तो दुसऱ्यांच्या नावावर काम करत राहिला. पुढे कित्येक वर्षांनी त्यानं हे स्वतःच सांगितलं. संगणकावरची ही अगदी सुरुवातीची पासवर्ड-चोरी. तिच्यात ना पैसे चोरीला गेले, ना कुणाचं गुपित हवं होतं. चोरला तो वेळ.

दुसरी गोष्ट आयांची आहे, म्हणून मुद्दाम सांगते. अमेरिकेतल्या सिएटल शहरात लेकसाइड नावाची शाळा आहे. तिथल्या माता मंडळानं जुन्या वस्तूंची विक्री करून पैसे जमवले आणि 1968 मध्ये त्यातून शाळेला एक टेलिटाइप यंत्र आणि दूरच्या सामाईक संगणकावरचा काही वेळ घेऊन दिला. मुलं त्यावर अशी तुटून पडली की तो वेळ भराभर संपू लागला. त्या मुलांत बिल गेट्स आणि पॉल ॲलन होते. पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या संगणकावर फुकट वेळ मिळवण्यासाठी या मुलांनी यंत्रातल्या उणिवांचा फायदा घेतला. ते पकडले गेले आणि त्यांना उन्हाळाभर बंदी झाली. मग त्याच कंपनीनं त्यांना सांगितलं, उणिवा शोधून द्या आणि त्या बदल्यात वेळ घ्या. जुने कपडे आणि भांडी विकून पैसे उभे करणाऱ्या त्या आयांची नावं इतिहासात कुठे ठळक नाहीत. पण मुलांच्या हाती संगणक पहिल्यांदा आला तो त्यांच्या हिशोबी पैशांतून.

सगळ्यांनीच पैसे लावले असंही नाही. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्त्झ यांनी 1964 च्या 1 मे रोजी पहाटे बेसिक ही सोपी संगणक-भाषा आणि आपलं टाइम-शेअरिंग चालू केलं. केमेनींचं म्हणणं असं की कॉलेजातलं ग्रंथालय जसं विद्यार्थ्याला मोकळं असतं, तसाच संगणक असावा. हार्वर्डमध्ये आयव्हन सदरलँड यांनी वेगळाच मार्ग काढला. तिथे यंत्राच्या वेळेसाठी 'येन' नावाचं लुटुपुटुचं चलन होतं. प्रत्येकाला त्याच्या कामाच्या महत्त्वाप्रमाणे येन मिळत, आणि हव्या त्या वेळेसाठी त्यांतून बोली लावायची. 1968 मध्ये त्यांनी यावर लेखही लिहिला. म्हणजे पैसा नसला तरी चाललं, पण पाळी ठरवायला काहीतरी माप लागलंच.

आपल्याकडेही यंत्रं थोडी आणि वापरणारे फार, हीच स्थिती होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला. तो एका संस्थेपुरता राहिला नाही, देशभरातल्या संशोधकांची कामं त्यावर होत. 1968 मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवातीची कामंही अशीच होती: दुसऱ्या कंपन्यांसाठी कार्डं पाडून देणं, सेंट्रल बँकेच्या शाखांमधले हिशोब एकमेकांशी जुळवून देणं. ज्या उद्योगानं पुढे आपल्या घराघरांतली मुलं पुण्या-बेंगळुरूला नेली, तो उद्योग मुळात वह्या जुळवायच्या कामातून उभा राहिलाय.

आता ज्या तुटीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. क्लिफर्ड स्टॉल हे खरं तर खगोलशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्यांच्या संशोधनाचा निधी संपला, म्हणून त्यांना तिथल्याच संगणक विभागात पाठवलं गेलं. 1986 चा ऑगस्ट. नव्या माणसाला द्यावं तसं किरकोळ काम त्यांना मिळालं. प्रयोगशाळा आपल्या संगणकाच्या वापराचं बिल निरनिराळ्या विभागांना लावत असे, आणि त्या महिन्याच्या बिलात 75 सेंटांची तूट येत होती. ती कुठून येते ते शोधायचं होतं.

75 सेंट म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेतही चिल्लर. कुणीही म्हणालं असतं, जाऊ द्या, खिशातून घालते. पण ज्यांच्या घरात दिवाळीला वहीपूजन होतं त्यांना ठाऊक आहे की मोठ्या चुकीपेक्षा छोटी चूक जास्त त्रास देते. मोठी चूक ओरडून सांगते, मी इथे आहे. छोटी चूक मुनिमाला रात्रभर जागवते. तेरीज जुळली नाही की नाहीच.

स्टॉल यांनी शोधलं तेव्हा कळलं की कुणीतरी 9 सेकंद संगणक वापरला आणि त्याचे पैसे कुणाच्याच नावावर पडले नाहीत. (9 सेकंदांना 75 सेंट, म्हणजे तासाला 300 डॉलर. त्या काळी यंत्राचा वेळ किती मोलाचा होता बघा.) 'हंटर' नावाचं एक खातं यंत्राच्या यादीत होतं, पण बिलांच्या यादीत नव्हतं. खातं आहे, वापर आहे, पण बिल पाठवायला माणूसच नाही. ते खातं बाहेरून घुसलेल्या कुणाचं तरी होतं.

त्यांनी ते खातं नुसतं बंद केलं नाही. उसने टर्मिनल आणि प्रिंटर गोळा करून घुसखोराची एकेक कळ कागदावर उतरवायला सुरुवात केली. तो माणूस प्रयोगशाळेच्या यंत्रात शिरून तिथून लष्करी संगणकांची दारं ठोठावत होता. एफबीआयला सांगितलं तर त्यांना 75 सेंटांच्या चोरीत सुरुवातीला रस वाटला नाही. फोनची वाट परदेशापर्यंत शोधायची, तर घुसखोर बराच वेळ जोडलेला राहायला हवा होता. यावर युक्ती सुचली ती स्टॉल यांच्या मैत्रिणीला, मार्था मॅथ्यूज यांना. खोट्या पण महत्त्वाच्या वाटतील अशा कागदपत्रांचा ढीग यंत्रात ठेवायचा, म्हणजे तो वाचत बसेल. तो बसला, आणि वाट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत पोचली. मार्कुस हेस नावाचा तो तरुण मिळवलेली माहिती साथीदारांमार्फत सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. 1990 मध्ये तो न्यायालयात दोषी ठरला. स्टॉल यांनी ही सगळी हकिकत 'द कुकूज एग' या 1989 च्या पुस्तकात लिहिली आहे.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण गुप्तहेरावर थांबतात. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर खिळलं. ती तूट सापडली का? कारण त्या प्रयोगशाळेत हिशोब ठेवणारे प्रोग्रॅम दोन होते. एक यंत्रासोबतच आलेला, दुसरा तिथल्याच लोकांनी लिहिलेला. दोघांचे आकडे जुळेनात, म्हणून शंका आली. एकच वही असती तर ती जुळली आहे असंच सगळे समजले असते. एकटी वही नेहमी जुळलेलीच असते, कारण तिला ताडून बघायला दुसरं काही नसतं.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत घ्यायचं माप मोठं आणि द्यायचं माप लहान ठेवणं, हा एक. लहानपणी पाठशाळेत हे ऐकताना डोळ्यांसमोर धान्याचं दुकान यायचं. आता वाटतं, तो दोष इतक्या बारकाईनं वेगळा सांगितला, याचं कारण माप नेहमी एकाच्याच हातात असतं. दुसऱ्यानं फक्त विश्वास ठेवायचा असतो. म्हणून मापाचा खोटेपणा ही विश्वासाची चोरी आहे.

1980 च्या दशकात घरोघरी स्वतःचे संगणक येऊ लागले आणि हे मीटर बऱ्याच जणांच्या आयुष्यातून गेलं. आपली विहीर आपल्या परसात. पण 2006 मध्ये चक्र पुन्हा फिरलं. अमेझॉननं मार्चमध्ये साठवणीची जागा भाड्यानं द्यायला काढली, एका जीबीला महिन्याला 15 सेंट. ऑगस्टमध्ये संगणक भाड्यानं, तासाला 10 सेंट. आज याला क्लाउड म्हणतात. तासाचा हिशोब असा की 61 मिनिटं वापरलं तरी बिल दोन तासांचं. 2017 च्या ऑक्टोबरात अनेक सेवांचं बिल सेकंदावर आलं, तेही कमीत कमी एका मिनिटाचं. म्हणजे 11 वर्षं त्या उरलेल्या मिनिटांचे पैसे ग्राहकांनी भरले. यात फसवणूक नव्हती, दर आधीच सांगितलेला होता. पण माप कुणाच्या सोयीचं होतं ते उघड आहे.

माझी भाची बेंगळुरूला एका कंपनीत याच बिलांचं काम बघते. मी तिला विचारलं, "दिवसभर करतेस काय गं?" ती म्हणाली, "मावशी, कुणीतरी चालू करून विसरलेली यंत्रं शोधते." कुणी परीक्षेपुरता संगणक घेतलेला असतो, काम संपलेलं असतं, माणूस दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो, आणि मीटर चालूच. जुन्या टाइम-शेअरिंगमध्ये यंत्रानं तुमच्यासाठी केलेल्या सेकंदांना पैसे पडायचे. आता बरेचसे पैसे पडतात ते अडवून ठेवल्याचे, वापरा की नका वापरू. पूर्वी बिल उपभोगाचं होतं, आता परिग्रहाचं झालंय. आपल्याकडे परिग्रहाला परिमाण घालून घ्यायला सांगितलंय. ते सांगणाऱ्यांना क्लाउड ठाऊक नव्हता, पण माणूस ठाऊक होता.

भाजीवालीच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. घराच्या वीजमीटरला सील असतं, आणि चाकरमान्याच्या घरातली बाईही महिन्याच्या महिन्याला त्यावरचे आकडे बघून बिलाशी ताडू शकते. दूर कुठल्यातरी इमारतीत बसलेल्या सर्व्हरच्या मीटरवर शिक्का मारायला कुणी इन्स्पेक्टर जात नाही. विकणारा तोच, मोजणारा तोच, बिल करणाराही तोच. हजारो ओळींचं बिल येतं आणि घेणारा शेवटचा आकडा बघून भरतो. भाचीचं काम म्हणजे ग्राहकाच्या बाजूनं ठेवलेली दुसरी वही आहे, हे मला बर्कलीची गोष्ट वाचल्यावर नीट कळलं.

हे मोठ्या कंपन्यांपुरतं नाही. 2021 च्या 1 जूनपासून गूगल फोटोतली नवी चित्रं फुकटच्या 15 जीबीत धरली जाऊ लागली, आणि तेव्हापासून कितीजणींच्या फोनवर 'जागा भरली, पैसे भरा' हा निरोप येतो. आपणही त्या सामाईक यंत्राच्या वाटेकरी झालो आहोत. आलेलं बिल भरण्याआधी जागा कशानं भरली एवढं तरी उघडून बघावं. तीच ती सकाळची फुलं, एकाच सत्काराचे चाळीस फोटो, पाच-पाच ठिकाणांहून आलेले तेच व्हिडिओ. हे बघायला संगणक शिकावा लागत नाही.

दूधवाला आपल्या वहीत लिहितो, तरी आपण कॅलेंडरवर खूण करतोच. त्यात दूधवाल्यावर अविश्वास नसतो. महिनाअखेरीला दोन्ही जुळले की दोघांनाही समाधान वाटतं, आणि अर्ध्या लिटरचा फरक आला तर बसून बोलता येतं. दुसरी वही असली की तूट दिसते, आणि दिसली की बोलता येतं. बर्कलीत 9 सेकंदांनी जे दाखवून दिलं ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कधीपासून टांगलेलं आहे.